किल्ली

सभा अकराची. साडेअकराला पहिला माणूस आला,
तोही पंखा दुरुस्त करणारा.
गंगापूर रोडवरच्या दुसऱ्या मजल्यावर टेबल पुरेना,
म्हणून जिल्ह्याचा नकाशा फरशीवर अंथरला;
तीन कोपऱ्यांवर पाण्याच्या बाटल्या,
चौथ्यावर मी.
माझं काम इतिवृत्त लिहायचं.

पश्चिमेला इगतपुरी, जिथे पावसाचा हिशेब ठेवता ठेवता वही भिजते.
पूर्वेला येवला, जिथे पावसाचे दिवस बोटांवर मावतात.
मधे फार तर सव्वाशे किलोमीटर.
एवढा उतार एका जिल्ह्याच्या पोटात!
गायधनी सर गुडघ्यांवर बसले, पट्टी ठेवली, रेघ ओढली.
रेघेतून अंजनेरी सुटत होती.
कड्यावरची कंदीलपुष्पं सोडायची कशी?
सरांनी रेघ वाकवली.
हे लिहायचं का, मी विचारलं.
"रेघ वाकली असं लिही. कुणी वाकवली ते नको."

मग ठिपके. अंजनेरी, हरसूल, निफाड,
नांदूरची पाणथळ, ममदापूरचा काळविटांचा माळ.
पाच ठाणी, चार खाती.
वनखात्याकडे जागा आहे, वीज नाही.
कॉलेजकडे सूक्ष्मदर्शक, त्याचा दिवा गेलेला.
कृषी केंद्राकडे निफाडच्या थंडीची चाळीस वर्षं
एका कपाटात, आणि कपाट दुसऱ्या कपाटामागे.
पाटबंधारेवाल्यांकडे जीप. चालक मागच्या वर्षी निवृत्त.
सगळं एकत्र केलं तर एक संशोधन केंद्र होईल,
तडवी मॅडम म्हणाल्या,
"आणि भांडणं पाच केंद्रांची."
हशा. (हशा लिहिला नाही.)

विषय क्रमांक चार : हरसूलची आकडेवारी.
पडद्यावर आलेख आला. जुलैत नऊ दिवस सपाट.
बोरस्ते म्हणाले, हे काढून टाकू,
जुलैत हरसूलला शून्य, कोण विश्वास ठेवील?

यमुना भोये तोवर बोलल्या नव्हत्या.
अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला माप घेणारी बाई,
दूध-पिशव्यांत गुंडाळलेली वही घेऊन आलेली.
पान उघडून त्यांनी नकाशावर ठेवलं,
नेमकं हरसूलवर.

"कुंभारमाशीनं नळीत मातीचं घर बांधलं होतं.
यंत्राला पाणी पोचेना, ते बिचारं शून्य लिहीत बसलं.
घर फोडलं नाही. आत पिल्लं होती.
शेजारी पातेलं ठेवलं.
पातेल्याचं तोंड मोजून घेतलं, बावीस सेंटीमीटर. लिहिलंय."

लिहिलं होतं. नऊ दिवस, नऊ मापं,
आणि दहाव्या दिवशी शेऱ्यात : *माशी गेली. नळी धुतली.*

बोरस्ते फोनवर गुणाकार करू लागले.
दोनशे बारा मिलिमीटर.
त्यांनी पुन्हा केला. दोनशे बाराच.
पंखा एव्हाना सुरू झाला होता,
नकाशाची एक कड सारखी उडत होती
आणि ती धरायला कुणी हात पुढे करत नव्हतं.

पातेलं मान्य करायचं का, यावर पाऊण तास गेला.
प्रमाणित उपकरण नाही, हे खरं.
प्रमाणित उपकरण बंद होतं, हेही.
शेवटी ठरलं : पाचही ठाण्यांच्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना,
आणि तो रुंद.
किती रुंद? तडवी मॅडमनी यमुनाबाईंची वही उचलली,
पट्टीनं मोजला. सात सेंटीमीटर.

विषय क्रमांक सात : कुंपणाच्या किल्ल्या कुणाकडे.
वनखातं म्हणालं, जागा आमची.
कॉलेज म्हणालं, यंत्रं आमची.
तीन-तीन किल्ल्या करू, कुणी सुचवलं,
मग त्या तिघांनी एकदम हरवल्या तर, दुसरं कुणी.
निर्णय पुढील सभेवर.

यमुनाबाईंनी तेवढ्यात घड्याळ पाहिलं.
हरसूलची गाडी साडेचारची,
ती गेली तर उद्याचं साडेआठचं माप गेलं.
गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला अडकवलेली किल्ली
त्यांनी पदराआड सारली, वही पिशवीत घातली,
चहा अर्धा ठेवून निघाल्या.

हे कुठल्या विषयाखाली घ्यावं कळेना.
कागदाच्या उजव्या कडेला सात सेंटीमीटर सोडून
मी एक उभी रेघ मारली.